निकालाची दशांश स्थळे

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक कोष्टक हमखास असते. नऊ विभागीय मंडळे आणि त्यांच्यासमोर उत्तीर्णांची टक्केवारी, दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत. पाठोपाठ जिल्ह्यांचे कोष्टक येते, मग तालुक्यांचे, आणि शेवटी शाळांचे. शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागतो किंवा लागत नाही. ज्यांचा लागत नाही त्यांच्या मुख्याध्यापकांना काही दिवसांत निकाल का घसरला याचा लेखी खुलासा मागवणारे पत्र येते. माध्यमिक शाळांचे जाळे कितपत भरवशाचे आहे हे मोजण्याचे आपल्याकडचे सर्वांत रूढ साधन म्हणजे ही टक्केवारी. तिच्यावर बढत्या, बदनाम्या, प्रवेशाच्या रांगा आणि पालकांचे निर्णय अवलंबून असतात. साधन म्हणून ती कशी आहे, याची तपासणी मात्र आपण फारशी करत नाही. वर्गात तापमापीचे लघुतम माप विचारणारे आपण, निकालाच्या कोष्टकाचे लघुतम माप विचारत नाही.

सुरुवात राज्याच्या आकड्यांपासून करू. महाराष्ट्राचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० टक्के झाला आणि २०२० साली ९५.३० टक्के. म्हणजे एका वर्षात १२.३१ टक्क्यांची घसरण आणि लगेच पुढच्या वर्षी १८.२० टक्क्यांची चढण. परीक्षेला बसणारी मुले पंधरा-सोळा लाखांच्या घरात. इतक्या मोठ्या संख्येत केवळ योगायोगाने होणारा चढउतार किती असेल, याचे गणित सोपे आहे. उत्तीर्णांचे प्रमाण ०.७७ आणि अनुत्तीर्णांचे ०.२३ यांचा गुणाकार करून त्याला पंधरा लाखांनी भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. उत्तर येते सुमारे ०.०३ टक्के. याचा अर्थ राज्याच्या निकालातला पहिला दशांश अंक संख्याशास्त्राच्या दृष्टीने बराच पक्का आहे, दुसरा मात्र डळमळीत आहे. मग बारा टक्क्यांची घसरण योगायोग नव्हे, हे तर उघडच झाले.

पण म्हणून राज्यातल्या शाळा एका वर्षात बिघडल्या आणि दुसऱ्या वर्षात सुधारल्या असे कोणी म्हणेल काय? शिक्षक तेच होते, इमारती त्याच होत्या. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून घेण्यात आले होते. पुढच्या वर्षी ते परत आले, शिवाय करोनाच्या टाळेबंदीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन त्या विषयाला सरासरीने गुण दिले गेले. २०२१ साली तर लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचे ५० गुण, दहावीच्या शाळेतील लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० अशा सूत्राने निकाल तयार झाला आणि तो ९९.९५ टक्के लागला. चार वर्षांत बदलली ती फूटपट्टी. मोजली जाणारी वस्तू किती बदलली हे या आकड्यांवरून कळूच शकत नाही. आकडा बारीक आहे, स्थिर आहे, आणि तरी तो आपल्याला हवे ते सांगत नाही. बी.एड.च्या पुस्तकात विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांत जो फरक शिकवतात तो हाच. परीक्षेपुरता तो पाठ करून आपण विसरून जातो.

विश्वसनीयता हा शब्द मुळात शाळेसाठी आलेला नाही, परीक्षेसाठी आला. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ साली परीक्षांच्या संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला. ग्रहताऱ्यांची वेधशाळेत घेतलेली मोजमापे जशी प्रत्येक वेळी थोडी वेगळी येतात तसेच परीक्षकाने दिलेल्या गुणांचेही असते, म्हणून खगोलशास्त्रज्ञांचा त्रुटीचा सिद्धान्त परीक्षांनाही लावला पाहिजे, असा त्याचा विचार होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी स्पिअरमनने या विचाराला गणिती रूप दिले. प्रत्येक विद्यार्थ्याचे काही ‘खरे गुण’ असतात. तीच योग्यता तपासणारी परीक्षा असंख्य वेळा घेतली तर मिळणाऱ्या गुणांची सरासरी म्हणजे हे खरे गुण. प्रत्यक्षात मिळतात ते खरे गुण अधिक त्रुटी. गुणांमधल्या एकूण फरकांपैकी किती हिस्सा खऱ्या गुणांतील फरकामुळे आहे, त्याला विश्वसनीयता गुणांक म्हणतात. तो शून्य ते एक यांच्या दरम्यान असतो.

या बाबतीत एका माणसाची आठवण करून द्यायला हवी. सर फिलिप हार्टोग हे नाव आपल्याकडील शिक्षकांना १९२९ च्या हार्टोग समितीमुळे माहीत असते. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ र्‍होड्स यांच्याबरोबर परीक्षांचीच परीक्षा घेतली आणि १९३५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शालान्त परीक्षेच्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी निवडल्या, सगळ्या मूळ परीक्षेत सारखेच मध्यम गुण मिळालेल्या. त्या अनुभवी परीक्षकांना स्वतंत्रपणे तपासायला दिल्या. नंतर, एक ते दीड वर्षाच्या अंतराने, १४ परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला दिल्या. चौदा परीक्षक आणि पंधरा उत्तरपत्रिका, म्हणजे २१० निर्णय. त्यांपैकी ९२ निर्णय दुसऱ्या वेळी बदलले. अनुत्तीर्ण, उत्तीर्ण, विशेष श्रेणी यांपैकी कोठे बसवायचे याबाबत परीक्षकाचे स्वतःशीच जुळले नाही. माझ्या मते भारतातील शिक्षणावर त्यांनी लिहिलेल्या अहवालापेक्षा हे काम अधिक टिकाऊ आहे, पण आपल्या अभ्यासक्रमात समिती राहिली आणि प्रयोग बाहेर गेला.

विश्वसनीयता चांगली असली तरी काय होते, ते पाहू. समजा एखाद्या विषयाच्या परीक्षेचा विश्वसनीयता गुणांक ०.९० आहे, जो निबंधवजा प्रश्न असलेल्या परीक्षेला उत्तमच म्हणायचा, आणि गुणांचे प्रमाण विचलन १५ आहे. एकातून ०.९० वजा करून उरलेल्या ०.१० चे वर्गमूळ काढले आणि त्याला १५ ने गुणले, की मापनाची प्रमाण त्रुटी मिळते. ती ४.७ गुण येते. म्हणजे ज्याचे खरे गुण ४० आहेत असा विद्यार्थी सातांतून साधारण एकदा ३५ च्या खाली जाईल. ज्याचे खरे गुण बरोबर ३५ आहेत त्याचे उत्तीर्ण होणे नाणेफेकीसारखे आहे. सवलतीच्या गुणांची पद्धत ही या त्रुटीची नकळत दिलेली कबुलीच आहे.

आता विद्यार्थ्यावरून शाळेकडे येऊ. येथे एक चांगली बातमी आहे. एका मुलाच्या गुणांत ४.७ ची त्रुटी असली तरी ५० मुलांच्या सरासरीत ती वर दिलेल्या आकड्याला ५० च्या वर्गमूळाने भागून मिळते, म्हणजे पाऊण गुणाहूनही कमी. कोणाला चार गुण जास्त पडले, कोणाला चार कमी, आणि बेरजेत ते फिटले. म्हणून शाळेची सरासरी ही एका मुलाच्या गुणांपेक्षा पुष्कळ भरवशाची, असे काही शिक्षणतज्ज्ञ सांगतात. हे खरे आहे, पण एका अटीवर. प्रत्येक मुलाची त्रुटी दुसऱ्याच्या त्रुटीपासून स्वतंत्र असली पाहिजे. एका केंद्राचा गठ्ठा एकाच कडक परीक्षकाकडे गेला, तर त्याचा कडकपणा पन्नासही मुलांवर एकाच दिशेने पडतो आणि पन्नासांनी भागून तो कमी होत नाही. त्या शाळेचा त्या विषयाचा शिक्षक वर्षाच्या मध्यावर रजेवर गेला, परीक्षेच्या आदल्या रात्री गावात वीज नव्हती, यांचेही तसेच. सरासरी काढल्याने वैयक्तिक त्रुटी विरतात, सामाईक त्रुटी तशाच राहतात. शाळांच्या तुलनेवरील लिखाणात ही अट बहुधा गाळलेली असते.

आणि मुख्य गोष्ट, आपण सरासरी छापतच नाही. आपण छापतो उत्तीर्णांची टक्केवारी. ९५ गुणांचा मुलगा आणि ३५ चा मुलगा तिच्या लेखी एकच. शाळेचा आकडा ठरवतात ती काठावरची चार-पाच मुले, म्हणजे ज्यांच्या बाबतीत मापन सर्वांत दुबळे असते तीच.

चाळीस मुलांच्या शाळेचा निकाल ९५ टक्क्यांवरून साडेसत्याऐंशीवर आला, तर कागदावर ती साडेसात टक्क्यांची घसरण दिसते. मुलांच्या संख्येत सांगायचे तर गेल्या वर्षी दोन नापास झाली होती, यंदा पाच. तीन मुलांचा फरक. शाळेत काहीही बदल न होता एवढा फरक पडणे किती शक्य आहे? उत्तीर्ण होण्याची संभाव्यता ०.९ धरली तर चाळीस मुलांच्या शाळेच्या टक्केवारीची प्रमाण त्रुटी ४.७ टक्के येते, आणि दोन वर्षांच्या निकालांतील फरकाची ६.७ टक्के. साडेसात टक्क्यांची घसरण म्हणजे नित्याचीच हेलकावणी. त्यावर मागवलेला खुलासा प्रामाणिकपणे लिहायचा तर ‘असे होते’ एवढाच लिहावा लागेल, आणि तो कोणी स्वीकारणार नाही.

हे विद्यार्थ्यांना पटवून द्यायला चिंचोके पुरतात. एका डब्यात शंभर चिंचोके घ्या आणि त्यांतल्या दहांवर चुन्याचा ठिपका द्या. डबा हलवून एक चिंचोका काढायचा, ठिपका आहे का ते नोंदवायचे, परत टाकायचा. असे दहा वेळा केले की दहा मुलांच्या एका शाळेचा निकाल तयार होतो. ठिपका म्हणजे नापास. वर्गातील प्रत्येक गटाने अशा दहा-दहा शाळांचे निकाल काढावेत, आणि दुसऱ्या फेरीत चाळीस-चाळीस मुलांच्या शाळांचे. डबा तोच, म्हणजे सर्व शाळांची गुणवत्ता अगदी सारखी. तरीही दहा मुलांच्या शंभर शाळांपैकी सुमारे ३५ शाळांचा निकाल शंभर टक्के लागेल आणि सुमारे ७ शाळांचा ७० टक्के किंवा त्याहून कमी. चाळीस मुलांच्या शंभर शाळांत शंभर टक्केवाल्या एक-दोनच निघतील, आणि ७० टक्क्यांपर्यंत घसरणारी शाळा दहा हजारांत चारच्या आसपास. आता या सर्व शाळा एका यादीत उतरत्या क्रमाने लावा. यादीच्या माथ्यावर लहान शाळा, तळाशीही लहान शाळा, आणि मध्ये मोठ्या. वर्तमानपत्र माथ्यावरच्या शाळांचे छायाचित्र छापील, शिक्षण खाते तळाच्या शाळांना पत्र पाठवील. डब्यात मात्र पहिल्यापासून दहाच ठिपके आहेत.

हा खेळ केवळ वर्गातला नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकाअखेरीस असे दिसून आले की उत्तम निकाल देणाऱ्या शाळांत लहान शाळांचे प्रमाण जास्त आहे. त्यावरून मोठ्या माध्यमिक शाळा फोडून लहान करण्याची मोहीम निघाली आणि गेट्स प्रतिष्ठानसारख्या दात्यांनी तिच्यावर प्रचंड पैसा खर्च केला. हॉवर्ड वेनर आणि झ्वर्लिंग यांनी २००६ साली पेन्सिल्वेनिया राज्यातील १,६६२ शाळांचे आकडे तपासले. सर्वांत वरच्या ५० शाळांत सर्वांत लहान ५० पैकी ६ शाळा होत्या, म्हणजे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. पण सर्वांत खालच्या ५० मध्ये त्यांपैकी ९ होत्या. तळाकडे कोणी पाहिलेच नव्हते. संख्येच्या वर्गमूळाचा हा नियम अठराव्या शतकात अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने दाखवून दिला होता. वेनरने त्याला जगातले सर्वांत धोकादायक समीकरण म्हटले आहे, धोका समीकरणाचा नसून ते माहीत नसण्याचा आहे अशा अर्थाने.

शाळांच्या तुलनेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नीट अभ्यासलेला प्रयोग इंग्लंडमधला. तेथे १९९२ पासून प्रत्येक माध्यमिक शाळेचा सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचा निकाल सरकार प्रसिद्ध करू लागले आणि वर्तमानपत्रांनी फुटबॉलच्या साखळी स्पर्धेसारखी त्याची क्रमवारी लावली. हार्वे गोल्डस्टाइन आणि डेव्हिड स्पीगेलहाल्टर यांनी १९९६ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे या क्रमवारीवर जो निबंध वाचला तो संख्याशास्त्रीय टीकेचा नमुनाच आहे. त्यांचे आक्षेप मुख्यतः दोन. एक, शाळेत येणारी मुलेच सारखी नसतात, तेव्हा येताना काय येत होते हे पाहिल्याशिवाय जाताना काय आले याला अर्थ नाही. दुसरा, हे सर्व विचारात घेऊन प्रत्येक शाळेच्या आकड्याभोवती अनिश्चिततेची पट्टी काढली तर बहुतेक शाळांच्या पट्ट्या एकमेकींवर चढतात. अगदी वरच्या आणि अगदी खालच्या काही शाळा वेगळ्या काढता येतात, मधल्या सगळ्या एकाच ढिगात. मग अमकी ७२ वी आणि तमकी ११५ वी याला काही अर्थ उरत नाही.

गोल्डस्टाइन आणि लेकी यांनी २००९ साली यात आणखी एक पदर जोडला. पालक आज जी क्रमवारी पाहतात ती शाळा सोडून गेलेल्या मुलांची असते. त्यांचे अकरा वर्षांचे मूल ती परीक्षा देणार सहा-सात वर्षांनी. तोवर शाळा कोठे असेल, याचा अंदाज आजच्या आकड्यावरून करायचा तर पट्टी इतकी रुंद होते की शाळा वेगळ्या काढणे जवळजवळ अशक्य. निवडीसाठी म्हणून छापलेला आकडा निवडीच्याच कामाचा नाही.

तरीही या संख्याशास्त्रज्ञांच्या बाजूचे सर्वच मला पटते असे नाही. मुलांच्या पूर्वीच्या गुणांचा विचार करून शाळेने त्यात किती भर घातली हे काढण्याची पद्धत, म्हणजे मूल्यवर्धन, हा त्यांचा तोडगा. इंग्लंडने तोही करून पाहिला. २००६ पासून काही वर्षे कुटुंबाची परिस्थिती वगैरे धरून काढलेला आकडा छापला जाई. तो इतका गुंतागुंतीचा होता की मुख्याध्यापकांनाच कळेना, आणि गरीब मुलांकडून कमी अपेक्षा ठेवण्याला तो अधिकृत शिक्का देतो असाही आक्षेप आला. तो सोडून दिला गेला. २०१६ पासून आलेले नवे माप प्राथमिक शाळेअखेरच्या परीक्षेशी तुलना करते. करोनामुळे २०२० आणि २०२१ साली ती प्राथमिक परीक्षाच झाली नाही, त्यामुळे ती मुले सोळा वर्षांची झाल्यावर, २०२५ साली, हे माप काढताच आले नाही. ज्या पद्धतीला पाच वर्षांपूर्वीचा पाया लागतो ती पाया खचला की उभी राहात नाही. आपल्याकडे तर असा पाया नाहीच. शिष्यवृत्ती परीक्षेला सगळी मुले बसत नाहीत, आणि शाळेच्या स्वतःच्या आठवी-नववीच्या गुणांवर दुसऱ्या शाळेशी तुलना उभारता येत नाही.

उलट बाजूचा एक पुरावाही नजरेआड करता कामा नये. वेल्सने २००१ साली शाळांची क्रमवारी छापणे बंद केले, इंग्लंडने चालू ठेवले. बर्जेस, विल्सन आणि वर्थ या अभ्यासकांनी दोन्हीकडील पुढच्या वर्षांची तुलना केली तेव्हा वेल्समधील निकाल इंग्लंडच्या मानाने मागे पडलेले आढळले, आणि चांगल्या शाळांपेक्षा इतर शाळांत ते जास्त. म्हणजे डळमळीत आकडासुद्धा छापला जातो या जाणिवेने शाळा काहीतरी करतात. काय करतात, हा वेगळा प्रश्न. इंग्लंडमध्ये उत्तीर्ण श्रेणीच्या अगदी काठावरच्या मुलांवर सारे लक्ष देऊन अगदी मागच्यांना सोडून देण्याचे प्रकार झाले. आपल्याकडे नववीत कच्ची मुले अडवून धरणे किंवा त्यांना ‘१७ नंबरचा फॉर्म भर’ असे सुचवणे ही तक्रार जुनी आहे. मूल खाजगीरित्या परीक्षेला बसते, शाळेच्या यादीतून जाते, आणि फाटकावरचा फलक शाबूत राहतो. निकाल मोजणारे कोणतेही सूत्र या मुलाला पकडू शकत नाही, कारण ते मोजणीच्या आधीच बाहेर गेलेले असते. आठवीच्या पटावरची किती मुले नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसली, हा आकडा निकालाच्या शेजारी छापला तर अनेक शंभर टक्क्यांचा रंग उतरेल.

शाळेच्या आकड्याचा सर्वांत वाईट उपयोग झाला तो २०२० साली, तोही इंग्लंडमध्येच. करोनामुळे आपल्या बारावीसारखी असलेली परीक्षा रद्द झाली. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी सैल असतील म्हणून परीक्षा नियामकाने एक सूत्र केले. शाळेचा त्या विषयातला मागील तीन वर्षांचा निकाल घ्यायचा, शिक्षकांनी लावलेल्या क्रमाने यंदाची मुले त्या साच्यात बसवायची. सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आल्या. एखाद्या कमी निकालाच्या शाळेत यंदा एक असामान्य मुलगी असेल, तर साच्यात तिच्यासाठी जागाच नव्हती. गंमत अशी की सूत्र तयार करणाऱ्यांना लहान संख्येचा नियम चांगला ठाऊक होता. म्हणून ज्या विषयाला शाळेत पाच किंवा कमी मुले होती तेथे त्यांनी शिक्षकांच्या श्रेणी तशाच ठेवल्या. पण इतके छोटे वर्ग खाजगी शाळांतच अधिक असतात. शास्त्रशुद्ध सावधगिरीचा फायदा श्रीमंतांच्या मुलांना झाला. १३ ऑगस्टला निकाल लागला, मुले रस्त्यावर आली आणि १७ ऑगस्टला सूत्र मागे घ्यावे लागले. व्यवस्थेचे वर्णन करणारा आकडा एका व्यक्तीवर लादला, ही त्यातली मूळ चूक. गणित त्यात कुठेच चुकले नव्हते.

आपल्या तालुक्यापुरते यातून काय करता येईल? मला स्पीगेलहाल्टरचाच एक आलेख सर्वांत उपयोगी वाटतो. त्याचा आकार नरसाळ्यासारखा असतो. आडव्या अक्षावर शाळेतून परीक्षेला बसलेल्या मुलांची संख्या, उभ्या अक्षावर निकालाची टक्केवारी. प्रत्येक शाळा म्हणजे एक बिंदू. मधोमध राज्याच्या सरासरीची आडवी रेघ. मग प्रत्येक संख्येसाठी सरासरीच्या खाली-वर दोन प्रमाण त्रुटींइतक्या अंतरावर दोन वक्र. सरासरी ९४ टक्के धरली तर खालचा वक्र १० मुलांच्या शाळेसाठी ७९ टक्क्यांवर येतो, २५ साठी साडेचौऱ्याऐंशीवर, १०० साठी ८९ च्या जरा वर आणि ४०० साठी साडेएक्याण्णवच्या आसपास. वरचा वक्र लहान शाळांसाठी शंभरच्या पुढे जातो, म्हणजे लहान शाळेने शंभर टक्के मिळवले यात संख्याशास्त्राला सांगण्यासारखे काहीच नाही. नरसाळ्याच्या आतल्या शाळांना क्रमांक देऊ नयेत आणि खुलासाही मागू नये. दहावीतील कोणताही चुणचुणीत विद्यार्थी हा आलेख कागदावर काढू शकेल. चाळीस मुलांच्या शाळेने तीन वर्षांचे निकाल एकत्र केले तर संख्या १२० होते आणि नव्वद टक्क्यांच्या आसपासची प्रमाण त्रुटी ४.७ वरून २.७ वर येते. खुलासा लिहायचाच असेल तर तीन वर्षांचा एकत्रित आकडा, बसलेल्या मुलांची संख्या आणि हा आलेख जोडून लिहावा. अधिकाऱ्यांना तो वाचावासा वाटेल की नाही, कोण जाणे.

नरसाळ्याच्या बाहेर जे पडते ते मात्र गांभीर्याने घेतले पाहिजे. कोकण विभाग निकालात वर्षानुवर्षे पहिला येतो. २०२५ साली त्याचा निकाल ९८.८२ टक्के होता आणि नागपूर विभागाचा ९०.७८. मुलांची संख्या हजारांत असल्याने हा फरक योगायोगाचा नाही. पण तो कशाचा आहे? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतल्या शाळा अधिक चांगल्या, की तेथे पालकांचे शिक्षण अधिक, की दहावीपर्यंत पोचतानाच मुले गळलेली, की केंद्रांवरची शिस्त वेगळी, की तपासणीची पद्धत? यातले दोन-तीन पर्याय मंडळाकडे आधीच असलेल्या नोंदींवरून तपासता येतील. काही हजार उत्तरपत्रिका नावगाव झाकून दुसऱ्या विभागात पुन्हा तपासून घेतल्या तर तपासणीचा भाग किती हे एका उन्हाळ्यात कळेल. हार्टोग आणि र्‍होड्स यांनी पंधरा उत्तरपत्रिकांवर जे केले त्यापेक्षा हे काम अवघड नाही.